भिंतींच्या आधी चौकट

बुलढाणा जिल्ह्यात सहा दिवस मी बेघर माणसं शोधत फिरले. पहिलं बेघर माणूस शेगाव स्टेशनाबाहेरच सापडलं, आणि ती मीच होते.

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी शेगावात खोली मिळणं अवघड असतं, हे मला आमच्या ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या लॉजवर 'फुल'ची पाटीच होती. दुसऱ्या लॉजवर काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "किती जण?"

"एकटी."

"सोबत कोणी?"

"एकटी म्हणजे सोबत कोणी नाही."

"मग फुल आहे," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मी एकटी नसते तर बहुतेक एखादी खोली निघाली असती.

बॅगेवर बसून मी दोन कचोऱ्या खाल्ल्या. बरोबर तळलेली हिरवी मिरची होती. आमच्या साताऱ्याकडे मिरची चवीपुरती देतात, इथे ती परीक्षेसारखी देतात. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच मधुकरभाऊ आले. मधुकरभाऊ आमच्या संस्थेचे इथले कार्यकर्ते. धाडचे, पन्नाशीचे, शेती सांभाळून लोकांचे सरकारी कागद सांभाळतात. त्यांना वाटलं मी रडतेय.

"रडू नका, मॅडम. माह्या साळीचं घर हाये इथं. आन् तुमाले सर्वेच करायचा हाये ना? झाला म्हना सुरू."

माझं काम असं. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी सरकार पैसे खर्च करतं. शहरात निवारे बांधतं, खेड्यात घरकुलं देतं. तो खर्च खरंच कोणाच्या डोक्यावर छप्पर होऊन पोहोचला का, हे पाहून अहवाल लिहायचा. ऑफिसातले बाकीचे या कामाची टिंगल करतात. मला ती जमत नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाल, घर म्हणजे एक खोली, आणि आमच्यात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. ती पदवी सरकारी वसतिगृहात झाली. त्या वसतिगृहाच्या छताखाली पावसाळ्यात तीन बादल्या ठेवाव्या लागत, पण तीन बादल्या सोडून बाकीच्या जागेत आम्ही मुली अभ्यास करत होतो. त्यामुळे सरकारी छपराबद्दल माझं मत जरा हळवं आहे.

दुसरा दिवस: निवारा

दुसऱ्या दिवशी ज्या गावी गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या व्यवस्थापकांनी मला चांगला चहा पाजला.

बेघरांचा निवारा गावाच्या पार बाहेर, कचरा डेपोच्या अलीकडे. इमारत देखणी. पाटी इतकी मोठी की तिच्या दोन बाजूंना भिंती घातल्या असत्या तर एक कुटुंब सहज राहिलं असतं. आत चकचकीत फरशी, थंड पाण्याचं मशीन, ओळीनं खाटा. गाद्यांवर अजून प्लास्टिक.

"काढलं नाही?" मी विचारलं.

"वापरल्या की खराब होतात, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले.

कोपऱ्यातल्या पडद्यावर कॅमेऱ्यातून सगळ्या खाटा दिसत होत्या. रिकाम्या खाटांवर इतकी करडी नजर मी कुठे पाहिली नव्हती. व्यवस्थापक माणूस सज्जन होता. वर्षभर येणाऱ्याची वाट बघून बघून त्यांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा झाला होता. चहा संपल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"काल तुम्हाला शेगावला खोली मिळाली नाही म्हणे?"

मी मधुकरभाऊंकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

"म्हणजे तुम्ही नियमात बसता. एक रात्र नाव लावा ना. रजिस्टर कोरं राहिलं तर पुढच्या वर्षी निवारा बंद होईल."

मी नाही म्हटलं, पण वाईट वाटलं. मला इतक्या आग्रहानं राहा म्हणणारं सबंध जिल्ह्यात तोवर ते एकटेच होते.

तिथून आम्ही बसस्टँडवर गेलो. कठड्याला टेकून एक म्हातारे बाबा कात्र्या-सुऱ्यांना धार लावत होते, बाजूला त्यांची बायको. दोघं तिथेच राहतात. निवारा माहीत आहे का, असं मी विचारलं.

"हाव, पाहून आलो ना. फरशी मस्त हाये," बाबा म्हणाले.

"मग राहत का नाही?"

बाबांनी चाक थांबवलं. "तिथं बाया येगळ्या, मानसं येगळे. इले अंधारात दिसत नाई. इले कोन धरन? आन् हे चाक कुठी ठू? ते म्हनते चाक बाहीर ठेवा. चाक बाहीर ठेवलं तं सकाळी मी काय फिरवू, मुंडकं?"

"त्याचं मुंडकं तसंबी फिरेलच हाये," आजी म्हणाल्या. "सूरतले राह्यलो बारा वर्सं मालकाच्या गोदामात. गोदाम इकलं, त्याच्यासंगं आमीबी इकल्या गेलो. गावी आलो तं भावानं खोलीत गाय बांधेल. गाय म्हने दूध देते, तुमी काय देता?"

हे सांगताना दोघंही हसत होते. मी लिहून घेतलं. परतताना मधुकरभाऊ म्हणाले, "निवारा तिकडं काऊन बांधला माहीत हाये का? तिथं सरकारी जागा फुकट होती." मग थोडं थांबून, "जागा फुकट काऊन होती? कारन तिथं कोनाचं काईच काम नाई." माझ्या अहवालातलं सगळ्यात चांगलं वाक्य हे आहे, आणि ते माझं नाही.

धाड

धाडला मधुकरभाऊंचं घर. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांच्या ढिगामधून जाताना माझ्या सँडलचा अंगठा तुटला आणि मी पाय ओढत त्यांच्या घरी पोहोचले. वहिनींनी पातोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या आणि त्यावर तरीचा लाल थर. मी कौतुकानं म्हटलं की आमच्याकडेही असा रस्सा असतो. वहिनी म्हणाल्या, "असन. पन तुमी तं नाक पुसून राह्यल्या."

जेवणानंतर मधुकरभाऊंनी तक्रारअर्जांची पिशवी उलटी केली. बहुतेक अर्ज एकाच साच्यातले होते: 'मी गरीब असून', 'तरी साहेबांनी दखल घ्यावी'. एक मात्र वहीच्या रेघी कागदावर होता, साखरखेर्ड्याच्या पुढच्या एका खेड्यातून आलेला. त्यात तीनच ओळी:

'मला घर आहे असे सरकार म्हणते. मला ते घर दिसत नाही. तरी सरकारने येऊन मला माझे घर दाखवावे.'

खाली कमलबाई असं नाव आणि अंगठा.

"ही बाई थट्टा करतेय का?" मी विचारलं.

"नाई. तिचं नाव घरकुलाच्या यादीत होतं. मंग फोटोवाले आले आन् नाव गेलं. दुरुस्तीची मुदत मंगळवारी पाच वाजेलोक. त्याच्यानंतर पोर्टल बंद. पुढची यादी कधी येईन ते देवालेबी माहीत नाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीची गावं सोडून आम्ही साखरखेर्ड्याकडे निघालो. चिखलीच्या स्टँडवर मी एका गृहस्थांना बस कधी आहे असं विचारलं. ते म्हणाले, "येऊन राह्यली." माझ्या गावाकडे 'येतेय' म्हणजे बस वळणावर दिसते. इथे ती निघायचा विचार करत असली तरी येऊन राह्यलेली असते. सव्वा तासानं आली. ते गृहस्थ मला म्हणाले, "पाहा, म्हटलं व्हतं ना."

चौकट

रात्री साखरखेर्ड्याला मुक्काम करून सोमवारी सकाळी आम्ही कमलबाईंच्या गावात पोहोचलो. वस्ती संपते तिथे ग्रामसभेनं कमलबाईंना दिलेला मोकळा तुकडा. चारी बाजूंना चुन्याची फक्की. मधोमध एक सागवानी चौकट. उंबऱ्यासकट, वर गणपती कोरलेली, झेंडूचं वाळलेलं तोरण लावलेली. भिंती नाहीत, छप्पर नाही, दारंही नाहीत. चौकटीतून पलीकडे हरभऱ्याचं शेत दिसत होतं. मागे काही पावलांवर ताडपत्रीचं एक पाल, एक चूल आणि दोन शेळ्या.

मी चौकटीच्या बाजूनं सरळ पालाकडे गेले. चुलीशी बसलेल्या बाईंनी वर पाहिलं. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर.

"दरोजा असून भित्तीतून काऊन आल्या?" त्या म्हणाल्या.

मी परत गेले, चपला काढल्या, चौकटीतून आले. चौकट जुन्या पद्धतीची, बुटकी. कपाळ आपटलं.

"वाका लागते," कमलबाई म्हणाल्या. "आता बसा. चहा ठेवते."

गोष्ट अशी होती. कमलबाई आणि त्यांचे यजमान कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला, राहायला तिथल्याच चाळीत. जिनिंग बंद पडलं, मालकानं जागेचे प्लॉट पाडले. चाळ पाडताना मजुरांना सांगितलं, हातानं नेता येईल ते न्या.

"लोकायनं पत्रे नेले, दगड नेले. आमच्या मानसानं चौकट नेली," कमलबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, अवो, पत्र्याखाली झोपता तरी येते. तं मले म्हने, कमल, पत्र्याखाली ढोरंबी झोपतात. घर दरोजानं होते."

गावात आले तर वडिलोपार्जित घराच्या भावाभावांत इतक्या वाटण्या झालेल्या की यांच्या वाट्याला एक कोनाडा. मग घरकुलाच्या यादीत नाव आलं, ग्रामसभेनं जागा दिली. तेवढ्यात दसरा आला. पहिला हप्ता यायचा होता, पण मुहूर्त हप्त्यासाठी थांबत नाही. यजमानांनी गावच्या शंकरबुवा सुतारांकडून चौकट उभी करून घेतली. खाली हळकुंड पुरलं, नारळ फोडला, पाच घरी पेढे वाटले.

त्यानंतर फोटोवाले आले. नियम असा की लाभार्थ्यानं घराच्या दारात उभं राहायचं. कमलबाई दारात उभ्या राहिल्या. फोटो जवळून काढला, त्यात कमलबाई, कोरीव गणपती आणि सागवान एवढंच मावलं. दरवाजा आहे का? आहे. कसला? सागवानी. यंत्रानं ठरवलं की ही बाई चांगल्या घरची दिसते. गावात सागवानी दरवाजे तीनच होते: सरपंचांचा, एका निवृत्त गुरुजींचा आणि कमलबाईंचा. पहिल्या दोघांना भिंतीही होत्या.

यजमान त्याच हिवाळ्यात गेले.

दुपारी विस्तार अधिकारी आले. हेल्मेट काखेत, दोन मोबाइल, घामाघूम. मला वाटलं होतं भांडावं लागेल, पण ते माझ्याआधीच त्रासलेले. "मॅडम, मला दिसतंय हो की घर नाही. मला डोळे आहेत. वरच्या ऑफिसला फोटो आहेत."

आम्ही बाजूनं फोटो काढला, पाठवला. वरून फोन आला: दरवाजा दिसतोय. मागून काढला. फोन आला: दरवाजा दिसतोय, तुम्ही घराच्या आतून फोटो काढलाय. मी स्वतः फोनवर सांगितलं की आत आणि बाहेर एकच हवा आहे. पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्यासाठी कॉलम नाही."

अखेर साहेब कमलबाईंसमोर उकिडवे बसले. "हे बघा. उद्या पाचच्या आत मला रिकाम्या जागेचा फोटो टाकायचा आहे. चौकट पाच मिनिटं काढून आडवी ठेवू. फोटो काढू. परत लावू."

"आडवी नाई ठेवनार," कमलबाई म्हणाल्या.

"अहो, तुमचंच नाव लागायचंय."

"लागू द्या नाईतं राहू द्या. बसवलेली चौकट आडवी करत नसतेत. तो आडवा झाला, तं झाला. हे नाई होऊ देत."

माझ्या मनात आलं ते प्रामाणिकपणे लिहिते: एका लाकडापायी ही बाई घर घालवते आहे. मी तसं अर्धं म्हटलंही. मधुकरभाऊ मला बाजूला घेऊन गेले.

"ताई, तुमीच सांगतलं ना, वसतिगृहाचं छत गळत होतं? म्हनून ते छत नव्हतं का? तसंच तिचं हे घर."

मी परत कमलबाईंच्या चुलीशी जाऊन बसले.

मंगळवार

तोड शंकरबुवांनी काढली. सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याला जाड भिंग, चौकट त्यांनीच बसवलेली. सकाळी ते आले, चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "कमल, आडवी करता येत नाई, बरोबर. पन उचलता येत नाई असं कोन म्हनलं? देव देवळातून उठून पालखीत बसून गावभर फिरते का नाई? मंग परत जाग्यावर जाते. तवा देऊळ मोडते का?"

कमलबाईंनी चौकटीवरचं तोरण सरळ केलं. "उभीच नेसान?"

"उभीच. तिळभर कलली तं नाव बदल माहं."

मग जे झालं त्याची माझ्या प्रश्नावलीत सोय नव्हती. बुवांनी पायाचे दगड मोकळे केले, दोन्ही बाजूंना वासे आडवे बांधले. सहा गडी वाश्यांना खांदा द्यायला उभे राहिले. पालखी निघते आहे एवढंच गावात ऐकू गेलं, कशाची ते नाही, त्यामुळे भजनी मंडळातले तिघे टाळ घेऊन आले. बायकांनी वाटेवर पाणी टाकलं, गड्यांच्या पायांवर ओतलं. कोणीतरी चौकटीला नवा हार घातला. कमलबाईंच्या शेजारणींनी आधीच गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला टाकले होते, कारण पालखी म्हटल्यावर जेवण आलंच.

साहेब चार वाजता मोटरसायकलवरून उतरले. समोरून टाळांच्या गजरात एक रिकामी चौकट ताठ उभी चाललेली. त्यांनी हेल्मेट काढलं, बूट काढले आणि हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आलं. "अरे, ही तर आपली फाईल," ते म्हणाले.

चौकट लिंबाच्या झाडाखाली नेऊन गड्यांनी धरून ठेवली. साहेबांनी मोबाइल उघडला. यंत्र जागेचा ठावठिकाणा शोधू लागलं. शोधत राहिलं.

"साहेब, लौकर करा, देव जड हाये," लिंबाखालून आवाज आला.

"नेटवर्क येऊ द्या."

"येऊन राह्यलं," मधुकरभाऊ म्हणाले, आणि मला त्या शब्दाचा अर्थ आता पुरता माहीत होता.

पाचला वीस मिनिटं असताना यंत्राला जागा सापडली. साहेब ओरडले, "कमलबाई, पालाकडून या आणि मधोमध उभ्या राहा."

कमलबाई पदर सावरून निघाल्या. मोकळी जमीन, दगड उपसल्याचे दोन खड्डे आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. त्या खड्ड्यांपाशी आल्या, उजवा पाय उचलला आणि मान वाकवली. त्याच क्षणाला साहेबांचं बोट पडलं.

"वाकलात का? सरळ चालत या."

पुन्हा आल्या. पुन्हा पाय उचलला, पुन्हा वाकल्या. कमलबाईंच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूसही नव्हता. हे आपण करतोय हे त्यांच्या गावीही नसावं. तिसऱ्या वेळी लिंबाखालचे गडी बोंबलायला लागले, तेव्हा साहेबांनी तोच फोटो पाठवून दिला.

दहा मिनिटांनी वरून फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"जागा रिकामी आहे, ठीक. पण बाई वाकलेल्या का आहेत?"

"दरवाजा बुटका आहे, सर," साहेब म्हणाले.

टाळ थांबले. शेळ्यासुद्धा थांबल्या असाव्यात. फोनमधून आवाज आला, "कसला दरवाजा?"

साहेबांनी हरभऱ्याच्या शेताकडे पाहिलं, लिंबाखालच्या सहा गड्यांकडे पाहिलं. "कंबर, सर," ते म्हणाले. "कंबर दुखते बाईंची."

फोन ठेवला गेला. थोड्या वेळानं पडद्यावर हिरवी खूण आली. नाव परत यादीत लागलं होतं.

"माही कंबर चांगली हाये," कमलबाई म्हणाल्या. मग त्या लिंबाकडे वळल्या. "आना तिले घरी."

चौकट परत जागेवर बसली. दोराच्या ओळंब्यानं बुवांनी दोनदा तपासली. रोडगे राखेतून काढून तुपात चुरले, वरण आणि वांग्याची भाजी ओतली, आणि सगळे पंगतीला बसले. साहेबांना उशीर होत होता, पण तेही बसले. पंगत कुठे मांडायची यावर चर्चा झाली नाही. चौकटीच्या आतल्या बाजूलाच मांडली. प्रत्येक जण चपला बाहेर काढून, वाकून आत आला. मीही आले, आणि या वेळी कपाळ वाचलं.

परत आल्याला आता तीन महिने झाले. पहिला हप्ता अजून आलेला नाही. मी रोज कार्यालयात गेल्यावर पोर्टल उघडते, कमलबाईंचं नाव आहे ना ते पाहते. आहे. नावासमोर लिहिलंय: घर नाही. त्याच्या शेजारी छोटा फोटो. उघड्या रानात एक बाई पाय उचलून, मान खाली घालून आपल्या घरात शिरते आहे.